काटकसर कुणाच्या वाट्याला?

कर्ज झालेल्या घरात काटकसर सुरू होते तेव्हा सगळ्यांचं लक्ष पैशाकडे असतं. किती वाचले, किती फिटले, हप्ता गेला की राहिला. हे हिशेब मांडायलाच हवेत. पण त्यांच्याही आधीचा एक हिशेब घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या मनाशी करायचा असतो. खर्च कमी झाला, तो कुणाच्या वाट्यातून? घरात काटकसर आणणं सोपं आहे. ज्याच्या हातात पैसा असतो त्याने 'आता नको' म्हटलं की ती आली. ती न्यायाने आणणं अवघड आहे. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत जे घडलं, ते मी या एका प्रश्नासमोर ठेवून तपासतो आहे.

मी जालन्यात खाजगी नोकरी करतो. अंबड तालुक्यात वाट्याला आलेली थोडी जमीन आहे, ती चुलतभाऊ पाहतो. घरात आई, पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळेतला मुलगा. अशी घरं या जिल्ह्यात हजारो आहेत. पुरती शेतकरी नाहीत, पुरती नोकरदारही नाहीत. एक पाय शहरात, एक गावात. त्यामुळे खर्च दोन्हीकडचे आणि कर्जही दोन्हीकडचं. जुनी माणसं आमच्या शहराला 'जालना सोने का पालना' म्हणायची. कापसाचा व्यापार होता, पुढे बियाण्यांचा धंदा आला, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आले. आज त्याच शहरात सोनेतारणाच्या पाट्या चौकाचौकात दिसतात, आणि त्या पाट्यांखालून मीही आत गेलेलो आहे.

सुरुवात केली ती सगळं कर्ज एका कागदावर मांडण्यापासून. हे ऐकायला साधं वाटतं. पण घरातल्या एकाही माणसाला सगळं कर्ज ठाऊक नसतं. सोसायटीचं पीककर्ज मला माहीत. सोन्यावर काढलेलं मला आणि पत्नीला माहीत. तिच्या बचत गटाचा हप्ता फक्त तिला माहीत. कृषी सेवा केंद्राची खता-बियाण्याची उधारी चुलतभावाला माहीत. मोटारसायकलचा हप्ता बँकेतून परस्पर जातो, म्हणून तो कर्ज वाटतच नाही. मोबाइल हप्त्यावर, फ्रिज हप्त्यावर. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरली की महिना निभावल्यासारखं वाटतं आणि उरलेल्या रकमेवर वर्षाला 36 ते 40 टक्क्यांच्या घरात व्याज चढत राहतं. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे तर कुठेच लिहिलेले नसतात. लग्नकार्यात समोरासमोर आलो की आठवतात.

कागद पूर्ण झाला तेव्हा लक्षात आलं की आपण कर्जाला घाबरत नव्हतो, त्याच्या बेरजेला घाबरत होतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत देशातली निम्मी शेतकरी कुटुंबं कर्जात असल्याचं आढळलं, आणि दर शेतकरी कुटुंबामागे सरासरी 74,121 रुपये येणं बाकी होतं. म्हणजे कर्ज असण्यात लाजण्यासारखं काही नाही. ते घरच्यांपासून लपवणं मात्र घातक आहे. मराठवाड्यात दरवर्षी शेकडो शेतकरी स्वतःचा जीव घेतात. त्यामागची कारणं अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. पण एकट्याने उचललेलं ओझं वाटून घेतलेल्या ओझ्यापेक्षा फार जड असतं, एवढं सांगायला कुठल्या पाहणीची गरज नाही.

मग त्या कागदावर मी मधोमध रेघ मारली. एका बाजूला आभाळामुळे झालेलं कर्ज, दुसऱ्या बाजूला आपल्यामुळे झालेलं.

आभाळाची बाजू खरी होती. 2012 च्या पावसाने दगा दिला आणि पुढचा उन्हाळा जालना जिल्ह्याने कसा काढला, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. मोसंबी हे आमच्या जिल्ह्याचं पीक, पुढे त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाग लावल्यावर फळ हाती यायला चार-पाच वर्षं जातात. त्यामुळे बाग वाळते तेव्हा एका हंगामाचं नुकसान होऊन थांबत नाही, मागची सगळी वर्षं वाया जातात. लोकांनी विकतच्या पाण्याचे टँकर आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला, त्यासाठी कर्ज काढलं, आणि अनेकांना शेवटी वाळलेल्या बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. आमची लहानशी बाग त्यातच गेली. वडिलांचा शेवटचा आजार, दवाखान्याची बिलं हेही मी याच बाजूला लिहिलं. या कर्जाबद्दल माझ्या मनाला टोचणी नाही.

दुसऱ्या बाजूला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. लग्न करायचंच होतं. पण हळदीचा वेगळा मांडव, डीजे, वाढवत नेलेली पंगत आणि मानपानाचे आहेर यांतलं काहीही तिने मागितलं नव्हतं. वडिलांच्या तेरवीचं गावजेवण होतं. चांगली चालणारी मोटारसायकल विकून घेतलेली नवी होती. मुलाचा वाढदिवस कॉलनीतल्या इतरांसारखा हॉलमध्ये केलेला होता. बेरीज केली तेव्हा ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा जड निघाली. आमच्या तोंडी मात्र कायम पहिलीच असायची. पाहुण्यांमध्ये बसलो की दुष्काळ बोलायचा, मोसंबीचे भाव बोलायचे. ते सगळं खरं होतं. पण अर्धं खरं पुढे करून उरलेलं झाकता येतं, हे मला त्या कागदाने दाखवलं.

व्याजाची रीत नीट समजून घेतली तेव्हा आणखी डोळे उघडले. कागदावरच्या एका ओळीत गावाकडचा खाजगी सावकारही होता. तो 'शेकडा तीन' सांगतो. तीन हा आकडा छोटा वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. वर्षाचे 36 टक्के झाले. समजा 50,000 रुपये घेतले, तर महिन्याला 1,500, म्हणजे दिवस उजाडला की 50 रुपये नुसत्या व्याजाचे. पावणेतीन वर्षांत व्याज मुद्दलाएवढं होतं आणि मुद्दल जागचं हललेलं नसतं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुप्पटीचा नियम आपल्याकडे फार जुना आहे. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के घ्यावेत, असे दर शासनाने त्याखाली ठरवून दिले. पण ज्याच्याकडे आपण रात्री गुपचूप जातो, त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारायचं धाडस कोण करतो?

सगळ्यात विचित्र प्रकार म्हणजे पीककर्जाचं नवं-जुनं. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. याहून स्वस्त पैसा देशात कुठे मिळणार नाही. पण जून जवळ येतो तेव्हा हातात पैसा नसतो. मग आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलायचं आणि सावकाराला परत द्यायचे. कागदावर शेतकरी नियमित कर्जदार, प्रत्यक्षात दर जूनला त्याच फेऱ्यात. आणि ज्या वर्षी निवडणूक जवळ असते त्या वर्षी कर्जमाफी येईल म्हणून भरायचंच नाही. माफी 2008 ला आली, 2017 ला आली, 2019 ला आली. ज्या घरांची उभं राहायची ताकदच संपली होती त्यांना तिने हात दिला, हे मान्य करायला हवं. पण माझ्यासारखा, ज्याला पगार आहे, तो माफीची वाट पाहत थकीत राहतो तेव्हा तो कुणाच्या वाट्याचं घेत असतो? ही पळवाट मी स्वतःसाठी बंद केली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काटकसर ठरली आणि घरात ती सुरूही झाली. पहिल्या काही महिन्यांतच हप्ते वेळेवर जाऊ लागले, आणि मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं. पण खर्चाची वही बारकाईने वाचली तेव्हा कात्री कुठे चालली ते कळलं. दूध कमी झालं होतं. चहा मला दोन्ही वेळचा मिळत होता, म्हणजे ते कुणाच्या तरी पेल्यातून कमी झालं होतं. पत्नीने आठवड्याच्या बाजारातून फळं आणणं थांबवलं होतं. तिचा दातांचा इलाज पुढे ढकलला होता. मुलीने शिकवणी सोडली होती आणि 'मला घरीच जमतं' म्हणाली होती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाअखेर संपायला हव्या होत्या, त्या उरत होत्या. ती दिवसाआड घेत होती. विचारलं तर म्हणाली, "मला बरं हाये की आता. रोज रोज कामून खायच्या?"

आणि माझ्या खर्चाच्या ओळी जवळजवळ तशाच होत्या. मोबाइलचा महागडा प्लॅन, मित्रांसोबतचं बाहेरचं जेवण, गावातल्या प्रत्येक लग्नाला कुळाच्या मानाने द्यायचा आहेर. यांतलं काही कमी करावं असं कुणी मला सुचवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. घरात कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. पण ज्यांना मागायची सवय नसते त्यांच्या ताटातून पहिल्यांदा कमी होतं, आणि ज्याच्या हातात पाकीट असतं त्याच्या ताटातून सगळ्यात शेवटी. हे आपोआप होतं, म्हणूनच ते जाणीवपूर्वक थांबवावं लागतं.

या वेळी मला तुकोबांच्या आयुष्यातला एक प्रसंग नव्याने कळला. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळानंतर त्यांनी घरच्या सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत सोडली, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. त्यातला एक बारकावा मात्र आपण ऐकून सोडून देतो. परंपरा सांगते की आधी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा वेगळा काढला, त्याची खतं त्याच्या हाती दिली, आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. विरक्ती त्यांची होती, म्हणून तिची किंमतही त्यांनीच मोजली. भावाच्या वाट्यावर त्यांनी ती लादली नाही. माझ्या काटकसरीने नेमकं हेच केलं नव्हतं. मी संकल्प स्वतःच्या नावाने सोडला होता आणि त्याची किंमत दुसऱ्यांच्या वाट्यातून वळती होत होती.

गाडगेबाबांचंही तसंच. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, नवसाला बकरं कापू नका, हे ते गावोगाव कीर्तनांतून सांगत राहिले. लोकांनी ऐकलं, कारण सांगणाऱ्याच्या अंगावर चिंध्या होत्या आणि हातात गाडगं. त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्यांच्या आधी महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाची चिकित्सा केली, तेव्हा सावकार आणि सरकार या दोघांवर बोट ठेवलंच, पण लग्नकार्यातल्या खर्चाकडेही डोळेझाक केली नाही. 1873 मध्ये सत्यशोधक समाज सुरू झाल्यावर साध्या आणि कमी खर्चाच्या लग्नांची रीत त्यांनी प्रत्यक्ष घालून दिली. आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदासही प्रपंच नेटका करायला सांगून गेले. वारसा एवढा मोठा आहे. पण मी कार्यक्रमांत या सगळ्यांना हार घालत होतो आणि घरातल्या कार्याला कर्ज काढत होतो.

त्यानंतर घरात नवी रीत ठरवली, या वेळी सगळ्यांना बसवून. आईचं औषध, मुलांचं शिक्षण, दूध आणि दवाखाना यांना हात लावायचा नाही, हे आधी ठरलं. पहिली कात्री माझ्या खर्चाला. मोटारसायकल विकली, कामावर जायला जुनी सायकल बाहेर काढली. क्रेडिट कार्ड बंद केलं. ज्या कर्जाचा दर सगळ्यात जास्त ते आधी फेडायचं. म्हणजे सावकार पहिला, मग कार्ड, मग सोनेतारण, आणि स्वस्त पीककर्ज मुदतीत. सोन्याचा विषय निघाला तेव्हा पत्नी एवढंच म्हणाली, "अहो, मोडायचं असेल तर आधी मला विचारा. ते माझ्या माहेरचं आहे." तिचा तो हक्कच होता. पण त्याआधी मला तो कधी विचारात घ्यावासा वाटला नव्हता. शेवटी तिनेच एक दागिना मोडायला सांगितला, आणि त्यातून सावकाराचा विषय संपला. वर्षानुवर्षं व्याज भरून दागिना सोडवत बसण्यापेक्षा तो विकून व्याज थांबवणं शहाणपणाचं होतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

आहेराचं ठरवणं सगळ्यात कठीण गेलं. आता आम्ही सगळीकडे सारखीच छोटी रक्कम देतो. सुरुवातीला भावकीत कुजबूज झाली. नंतर दोन-तीन घरांनी बाजूला घेऊन विचारलं की हे कसं जमवलं. यावरून एक कळलं. मोठा आहेर घेणाऱ्यालाही तो परत करायचा धाक असतो. आपण एकमेकांना देत असतो ते बऱ्याचदा कर्जच असतं, फक्त त्याची वही नसते.

मुलांपासून काही लपवायचं नाही, हेही ठरलं. मुलीला व्याजाचा हिशेब शिकवला, आता महिन्याची वही तीच लिहिते. शिकवणी पुन्हा सुरू झाली. मुलाला वाढदिवसाचं सांगताना मला अवघड वाटत होतं. त्याने विचारलं, "पप्पा, मित्रांना घरी बोलावलं तर चालेल?" घरी केलेला शिरा आणि चार मित्र, एवढ्यावर त्याचं समाधान झालं.

दवाखान्याच्या खर्चाने घरं बसतात, हा अनुभव वडिलांच्या वेळी घेतला होता. म्हणून दोन गोष्टी करून ठेवल्या. शिधापत्रिका आणि आधारची कागदपत्रं नीट लावली, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आणि बँकेतून वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा सुरू केला, दोन्ही दोन-दोन लाखांचे. काटकसर म्हणजे सगळंच कमी करणं नाही. काही खर्च आधी केला नाही तर पुढे दसपट होऊन येतो.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. काटकसरीचा उपदेश मी कुणाला सरसकट करणार नाही. मंठा, परतूर, घनसावंगीच्या गावांतून दर दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि मग सगळा हंगाम नवरा-बायको मिळून ती कोयत्याने फेडतात. त्यांच्या ताटात कमी करण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्यांना 'खर्च कमी करा' म्हणणं हा अन्याय होईल. पावसाचा, भावाचा, रोजगाराचा प्रश्न काटकसरीने सुटत नाही. त्यासाठी सिंचन लागतं, बाजार लागतो, सरकारने आपलं काम करावं लागतं. त्याची मागणी करत राहिलंच पाहिजे. पण ती मागणी माझ्या मोटारसायकलच्या हप्त्याची ढाल होऊ नये.

मागणी करतानाच आपल्या हातातलं काम करता येतं, याचं उदाहरण म्हणजे जालन्याजवळचं कडवंची हे गाव. 1996 च्या सुमारास तिथे पाणलोटाचं काम सुरू झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने साथ दिली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या, आणि 2012 च्या दुष्काळातही ते गाव तगलं. पाऊस त्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळाला नव्हता. पाणलोटवाले सांगतात की पळणारं पाणी चालतं करायचं, चालणारं थांबवायचं, थांबलेलं मुरवायचं. घरातल्या पैशाचंही मी आता तेच करू पाहतो आहे. पण कडवंचीच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट दुसरी आहे. ते काम माथ्यावरून सुरू झालं. वरच्या शेताने पाणी अडवलं नाही तर खालच्याचं कितीही बांधलेलं वाहून जातं. घरातही सुरुवात वरूनच व्हायला हवी.

आमचं सगळं कर्ज अजून फिटलेलं नाही. सावकार संपला, कार्ड संपलं, सोनेतारण अर्ध्यावर आलं आहे, पीककर्ज यंदा सावकाराकडे न जाता भरलं. आई गोळ्या रोज घेते, आणि तिची पाकिटं मी स्वतः मोजून पाहतो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात आज कर्ज आहे आणि उद्यापासून काटकसर करायची आहे, त्यांना एवढंच सांगणं. कर्जाचा कागद घरातल्या सगळ्यांसमोर मांडा. पहिली कात्री स्वतःच्या खर्चाला लावा. आणि महिना संपला की शिल्लक मोजण्याआधी घरात कुणाचं काय कमी झालं ते विचारा, जे बोलत नाहीत त्यांना दोनदा विचारा. ज्या घरात आईचं औषध, लेकीचं शिक्षण किंवा बायकोचा इलाज कमी करून हप्ते भरले गेले, त्या घराचं कर्ज फिटलेलं नाही. बँकेचं देणं घरातल्या माणसाच्या नावावर चढलं आहे, आणि ते कुठल्याही कर्जमाफीत बसत नाही.